ऑर्गनखालचे डोके

खैरुद्दीनने कटावणीने खोक्याची शेवटची फळी उचकटली, भुसा दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि हात एकदम मागे घेतला. भुशातून एक चेहरा त्याच्याकडे पाहत होता.

चेहरा लाकडाचा होता, माणसाच्या चेहऱ्याच्या दीडपट. डोक्याला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फेटा, काचेचे डोळे, आणि कधीकाळी काळी असलेली, पण रंग उडून पांढरट झालेली दाढी. खालचा जबडा वेगळा कोरून चामड्याच्या बिजागरीने जोडला होता. बिजागरी एका बाजूने तुटल्यामुळे तोंड वाकडे उघडे राहिले होते. तोंडात दात होते. जीभ मात्र कुजून तिची काळी चिंधी झाली होती.

"आयला, खैरूभाई," मागून धनंजय म्हणाला, "हा तर तुमचा भाऊ निघाला!"

भोवतीच्या पालाडावर चढून काम करणारी माणसे हसली. खैरुद्दीनही हसला. साइटवर चेष्टा झाली की आधी हसून घ्यावे, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. पण त्याचा हात नकळत स्वतःच्या दाढीकडे गेला आणि तिथून खाली आला.

अबुधाबीतल्या त्या सभागृहात स्पेनमधल्या एका डोंगरी गावच्या चर्चचा ऑर्गन उभा राहत होता. चर्चचे छप्पर दुरुस्तीला काढले होते, म्हणून तीनशे वर्षांचे ते वाद्य सुटे करून, खोक्यांत भरून, प्रदर्शनासाठी इकडे पाठवले होते. जोडणीचे सुतारकाम धनंजयच्या कंपनीकडे होते. धनंजय चिपळूणचा, पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून आलेला, साइटचा सुपरवायझर. खैरुद्दीन जयगडच्या खाडीकाठचा. त्याच्या आजोबांनी गलबते बांधली होती, त्याने आखातात आयुष्यभर दारे, जिने आणि व्यासपीठे बांधली. साठीनंतर कंपनीने त्याला एक वर्ष वाढवून दिले होते, तेही धनंजयच्या शब्दावर.

पहिल्या दिवशी धनंजय म्हणाला होता, "पायपेटी माहितीय ना? तिचा खापरपणजोबा समजा." ते खोटे नव्हते. हवा भात्यातून यायची, नळ्यांतून निघायची आणि वाजायची. फरक आकाराचा होता. छताला टेकणाऱ्या कथलाच्या नळ्या, त्यांच्या पुढ्यात लोकांवर तोफांसारख्या रोखलेल्या आडव्या तुताऱ्या, आणि हे सगळे पेलणारा पुरुषभर उंच लाकडी ओटा. ओट्याच्या पोटात दोन मोठे भाते होते. त्यांवर एका माणसाने आळीपाळीने पाय द्यायचा, एक भाता उतरत असताना दुसरा भरून ठेवायचा. हवा तुटली की वाद्य घुसमटल्यासारखा आवाज काढी. ती लय खैरुद्दीनला लवकर साधली. इतरांनी प्रयत्न केला, पण त्यांचे पाय घाई करत.

ऑर्गनबरोबर आलेल्या बाईचे नाव मोन्सेर्रात. ती त्याच गावची. साठीच्या आसपास, आखूड पांढरे केस, एप्रनवर लाकूड चिकटवायच्या सरसाचे डाग. दुरुस्ती तीच करी आणि वाजवणारही तीच होती. तिने खोक्यात डोकावून त्या चेहऱ्याच्या कपाळावरचा भुसा फुंकला.

"याला नवीन बिजागरी," ती म्हणाली. "आणि जीभ. तू कापशील?"

खैरुद्दीनने मान हलवली. दोघांचे इंग्रजी सारखेच तुटके असल्यामुळे त्यांचे एकमेकांशी चांगले जमे.

"हा कोण?" त्याने विचारले.

तिने सरसाच्या भांड्याखालची आच कमी केली. मग म्हणाली, "मोरो."

"म्हणजे?"

"मुसलमान. आमच्याकडे राज्य करत होते ते. मग लढाया झाल्या, आम्ही जिंकलो. मग आमच्याकडच्या काही चर्चमध्ये असं डोकं ऑर्गनखाली टांगायचे. शत्रूचं. सर्वांत खालचा सूर वाजवला की याचे डोळे फिरतात, तोंड उघडतं. हा कण्हतोय असं वाटतं." तिने खांदे उडवले, पण ते पुरते उडले नाहीत. "नाताळला तोंडातून मिठाई पडायची. माझी आजी म्हणायची, जेवली नाहीस तर मोरो खाईल तुला. आम्ही घाबरायचो आणि हातही पुढे करायचो."

"मग?"

"मग एका पाद्रीबाबांनी तो काढला. मला घंटेच्या मनोऱ्यात सापडला. तोंडावर पोतं होतं."

खैरुद्दीनने जबडा अंगठ्याने वर ढकलून पाहिला. लाकूड अक्रोडाचे होते, कीड लागलेली नव्हती. कोरणारा जाणकार असावा. कपाळावरच्या आठ्या सारख्या काढलेल्या नव्हत्या, डाव्या भुवईवर एक जुना व्रणही होता.

"ज्यानं कोरला त्यानं कधी मुसलमान पाहिला होता?"

"नाही. तोवर आमच्याकडे कुणी उरलंच नव्हतं."

"मग हा चेहरा कुणाचा?"

मोन्सेर्रातने डोके तिरके करून बराच वेळ पाहिले. "गावातल्याच कुणाचा तरी. नाक आमच्याकडचं आहे."

"म्हणजे तुमचाच माणूस," खैरुद्दीन म्हणाला.

ती हसली, आणि मग हसणे मध्येच सोडून तिने सरस ढवळायला घेतला.

"तो इथे लावायचा?"

"लावला नाही तर ऑर्गन अपुरा. मी फोटो पाठवला होता, इथल्या समितीने होकार दिला. पत्रिकेत लिहिलंय, हलता मुखवटा."

"मोरो नाही लिहिलं?"

"नाही," ती म्हणाली. "ते मी लिहिलं नाही."

त्या दुपारी खैरुद्दीनने तांबड्या चामड्याची जीभ कापली. काम लहान होते, तरी त्याला वेळ लागला. जीभ आधी आखूड झाली, मग रुंद. तिसरी बरोबर बसली. बारीक खिळे मारताना त्याचा डावा हात त्या दातांच्या आत होता. संपल्यावर त्याने खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल काढून चेहऱ्यावर पसरला, आणि मग तो जेवायला गेला.

*

डोके ओट्याच्या पुढच्या फळीवर बसले. ते मागून पोकळ होते. मागच्या बाजूला एक छोटा भाता, त्याची तार जबड्याला. खर्जाच्या नळीत हवा गेली की तीच हवा छोट्या भात्यात शिरे, तार ताणली जाई, तोंड उघडे. हवा संपली की शिशाचे वजन जबडा वर ओढी आणि दातांवर दात आपटत. टक्क.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा ऑर्गनपाशी कुणीच नव्हते. सगळे जेवत होते. खैरुद्दीनने घास हातात धरून वळून पाहिले. रुमाल खाली पडला होता आणि तोंड मिटत होते.

"झडप गळतेय, भात्यात उरलेली हवा शिरते," मोन्सेर्रात नंतर म्हणाली. "इथली हवा कोरडी. कातडी आक्रसते." तिने झडप काढून नीट केली. तरी तो आवाज पुन्हा येत राहिला, कधी सकाळी, कधी भर कामात, आणि पालाडावरची माणसे दर वेळी "बोला चाचा!" म्हणून ओरडू लागली.

चौथ्या का पाचव्या दिवशी समिधा आली. ती पुण्याची, कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीतली. सतत कानाला फोन आणि दुसऱ्या हातात दुसरा फोन.

"काका, हे कसलं क्यूट आहे! जायंट पपेट!" ती डोक्यासमोर उभी राहिली. "मॅडम, आय रेड दॅट स्वीट्स फॉल फ्रॉम द माउथ?"

मोन्सेर्रात म्हणाली, पूर्वी पडत.

"परफेक्ट. लास्ट आयटम तोच ठेवू. सगळ्या मुलांना पुढे बोलवायचं, म्युझिक, तोंड उघडलं, चॉकलेट्स! फ्रंट रोला व्हीआयपी आहेत, त्यांची नातवंडं पण येणार. मस्त व्हिडिओ होईल." ती खैरुद्दीनकडे वळली. "काका, आतून चॉकलेट्स तुम्हीच सोडाल ना?"

खैरुद्दीनने मोन्सेर्रातकडे पाहिले. मोन्सेर्रात सुरांच्या पट्ट्या पुसत होती. त्याच पट्ट्या तिने थोड्या वेळापूर्वीही पुसल्या होत्या.

संध्याकाळी तो धनंजयकडे गेला. धनंजय कंटेनरमधल्या ऑफिसात नकाशा गुंडाळत होता.

"भात्यावर दुसऱ्या कुणाला तरी द्या, धनंजयराव."

"का? पाय दुखतात?"

"नाय." खैरुद्दीन दाराशीच उभा राहिला. "तो मुखवटा नाय. ता मुसलमानाचा डोका आहे. जिंकल्यावर हसायला टांगलेला. बाईनं स्वतः सांगितलंन."

धनंजयने नकाशाला रबर लावले. ते तुटले. त्याने दुसरे काढले.

"हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"तुम्हांलाच."

"मग मी ऐकलं नाही." त्याने आवाज खाली आणला. "खैरूभाई, इथं, या देशात, पुढच्या रांगेत कोण बसणार आहे ठाऊक आहे ना? कुणाला कळलं ना, तर त्या बाईचं विमान वेगळं, आणि तुमचं-माझं वेगळं. त्याच दिवशी. लावलं कुणी ते? आपण. आता काढायला गेलं तर का काढलं ते सांगावं लागेल. चार दिवसांचं प्रदर्शन आहे, होऊन जाऊ दे. इन्शाल्ला कुणाच्या डोक्यातही येणार नाही."

"माझी नात येणार आहे."

"मग येऊ दे की. चॉकलेट मिळेल तिला."

"ती हसेल त्याला."

"अहो, हसण्यासाठीच आहे ते!"

"तेच तर," खैरुद्दीन म्हणाला.

बाहेर लेबर कॅम्पला जाणाऱ्या बसने हॉर्न दिला.

"तुमच्याशिवाय लय कुणाला जमत नाही," धनंजय शेवटी म्हणाला. "वाद्य मध्येच बंद पडलं, तर पुढच्या वर्षासाठी मी तुमचा शब्द टाकू कुठल्या तोंडानं? यल्ला, चला, बस सुटेल."

*

शुक्रवारी त्याने शारजाला लेकीकडे फोन लावला. पडद्यावर नातीचा, फिरदोसचा चेहरा आला. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले.

"हाय नाना!"

खैरुद्दीन नुसता पाहत राहिला.

"नाना? कॅन यू हिअर मी?"

तो पाहत राहिला. फिरदोसने कपाळावर हात मारला. "ओ सॉरी! अस्सलामु अलैकुम, नाना."

"वालेकुम अस्सलाम," खैरुद्दीन लगेच म्हणाला. "आधी सलाम, मग बाकीचा. कितीदा सांगायचा?"

"व्हॉट इफ द अदर पर्सन डझन्ट आन्सर?"

"देतोच. सलाम कानावर पडला की जवाब देणं फर्ज आहे. न देऊन चालत नाय."

"इव्हन इफ यू आर बिझी?"

"बिझी असलो तरी."

"इव्हन इन द बाथरूम?"

"बाथरूम सोडून."

ती खदखदून हसली. "अँड स्ट्रेंजर्स?"

"पांढरी दाढी दिसली, की आपण आधी द्यायचा. वळख मागनं."

मागून शहनाझ, त्याची मुलगी, आली. "अब्बा, हिनं अख्ख्या वर्गाला सांगितलंय, माझे नाना ऑर्गन चालवतात म्हणून. आम्ही निघतोय उद्या जेवून."

"शहनाझ, मागं बसा," तो म्हणाला. "अगदी मागं. शेवटी पोरांना पुढं बोलवतील, हिला पाठवू नको."

"का?"

फिरदोस पडद्यावर कान लावून ऐकत होती.

"गर्दी असेल," तो म्हणाला.

*

शनिवारी सकाळपासून धूळ होती. आकाश पिवळट, समोरच्या इमारती अर्ध्यापर्यंतच दिसत. सभागृहाच्या काचेच्या दारांना धुळीचा पातळ थर चढला होता आणि आत येणारी माणसे खांदे झटकत होती.

खैरुद्दीन मागच्या छोट्या दारातून ओट्याच्या पोटात शिरला. आत वाकून उभे राहण्यापुरती जागा होती. उजेड एकाच ठिकाणाहून येई. जबडा उघडला की त्या डोक्याच्या पोकळीतून, घशातून, सभागृहाचा एक चौकोन दिसे. मिटला की अंधार. त्याने घशाच्या खाचेत चॉकलेटे भरली, खाली लाकडी पट्टी सरकवली आणि भात्यावर पाय ठेवला.

वर मोन्सेर्रातने वाजवायला सुरुवात केली. तिच्या गावात उपासनेच्या आधी वाजवत ते जुने सूर होते. आधी डाव्या हाताचे, संथ, एकमेकांत गुंतत जाणारे; मग उजव्या हाताने आडव्या तुताऱ्या उघडल्या आणि आतल्या फळ्या थरथरल्या. खैरुद्दीनचे पाय चालत होते. उजवा दाबायचा, डावा वर येऊ द्यायचा. तो घामाने भिजला. समोर, हातभर अंतरावर, त्या चेहऱ्याची मागची, न रंगवलेली बाजू होती. पटाशीचे घाव अजून स्पष्ट. कोरणाराही कधीतरी असाच त्याच्या मागे उभा राहिला असेल.

टाळ्या झाल्या. समिधाचा आवाज माइकवरून आला. मुलांच्या चपलांचा धडधडाट जवळ आला आणि ओट्यासमोर थांबला.

मग खर्ज लागला. तो ऐकू येण्याआधी त्याच्या तळपायांना जाणवला. छोटा भाता फुगला, तार ताणली, जबडा खाली गेला आणि अंधारात उजेडाचा तुकडा पडला. त्या तुकड्यात मुलांची डोकी होती. पहिल्या ओळीत पांढऱ्या पायघोळ कंदुरातले पुरुष फोन उंच धरून बसले होते. खैरुद्दीनने पट्टी ओढली. चॉकलेटे घरंगळत गेली.

मुले ओरडली. हवा तुटली, टक्क. पुन्हा खर्ज, पुन्हा तोंड. एक मुलगा दोन्ही हातांनी जबडा करून त्या तोंडाची नक्कल करू लागला, त्याचे पाहून आणखी दोघे. कुणी तरी चॉकलेट परत फेकले. ते दातांमधून आत आले आणि खैरुद्दीनच्या छातीवर आपटले. बाहेर हशा झाला. पाठोपाठ दुसरे आले, मग तिसरे. त्याने पाय थांबवले नाहीत.

टक्क. अंधार. पुन्हा खर्ज.

या वेळी उजेडाच्या तुकड्यात फिरदोस उभी होती.

तिला पाठवले कुणी, की ती स्वतःच सुटून आली, कळायला मार्ग नव्हता. बाकीची मुले खाली वाकून वेचत होती. ती वाकली नाही. ती त्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहत होती, फेट्याकडे, दाढीकडे. तिच्या ओठांचे कोपरे हलले. खैरुद्दीनने तार धरली. ती उपटून जबडा मिटवावा, आणि काय व्हायचे ते होऊ द्यावे, असे त्याच्या मनात आले असावे, कारण बोटे तारेभोवती आवळली गेली होती.

फिरदोस हसली नाही. तिने कपड्यावर हात पुसले.

"अस्सलामु अलैकुम," ती त्या डोक्याला म्हणाली.

एक-दोन मुले तिच्याकडे वळली. खर्ज चालूच होता. खैरुद्दीन श्वास धरून उभा राहिला. फक्त पाय चालत होते.

फिरदोस थांबली. ती रुसली नाही, गोंधळलीही नाही. फोनच्या पडद्यासमोर तो जसा नुसता पाहत थांबे, तशी ती पाहत थांबली. बाजूने समिधाचा हात आला, "बेटा, कम, कम," आणि तिने तो हात खांद्यावरून काढला. काचेच्या डोळ्यांवरून तिची नजर हलली नाही.

वर मोन्सेर्रातने पट्टीवरून बोट उचलले. खर्ज विरत गेला. छोट्या भात्यातली हवा निघाली, शिशाचे वजन खाली येऊ लागले आणि जबडा मिटू लागला.

खैरुद्दीनने तार खाली ओढून धरली. मग तो त्या पोकळीपाशी वाकला.

"वालेकुम अस्सलाम," तो म्हणाला.

त्याचा आवाज अक्रोडाच्या घशातून गेला, नव्या जिभेवरून गेला, आणि बाहेर निघाला तेव्हा तो त्याचा राहिला नव्हता. सभागृहातली कुजबुज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विझत गेली. फिरदोसने समाधानाने मान हलवली, खाली वाकून एक चॉकलेट उचलले आणि ती आईला शोधायला वळली.

बाकी कुणी हलले नाही. नक्कल करणाऱ्या मुलाचे हात हवेत राहिले होते, ते त्याने हळूच खाली घेतले. पहिल्या ओळीतले फोन एकेक करून उतरले. आता ती माणसे पडद्याकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहत होती.

खैरुद्दीनच्या पाठीवर उजेड पडला. छोटे दार उघडून धनंजय गुडघ्यांवर बसला होता. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"खलास," तो कुजबुजला. "खैरूभाई, काय केलंत हे? तार सोडा. मिटू द्या ते तोंड."

खैरुद्दीनने मोकळा हात मागे करून त्याला गप्प राहायची खूण केली.

उघड्या तोंडाच्या चौकोनात, पहिल्या ओळीत, एक म्हातारा काठीवर भार देऊन उभा राहत होता. पांढरा कंदुरा, पांढरी दाढी. शेजारच्याने त्याची कोपर धरली, त्याने ती सोडवून घेतली. तो दोन पावले पुढे आला आणि त्या लाकडी चेहऱ्याकडे, त्याच्या फेट्याकडे, डाव्या भुवईवरच्या व्रणाकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. मग त्याने उजवा हात छातीवर ठेवला, आणि त्याचे ओठ हलले.

सलाम कानावर पडला. धनंजयने मागून खैरुद्दीनचा सदरा पकडला होता. खैरुद्दीनने तार सोडली नाही. तो पुन्हा पुढे वाकला.